गेडिट अन् एंटर

देवाजीची जीभ कधी थांबत नव्हती आणि लेखणी कधी चालत नव्हती, म्हणून तर सुनेचं फावलं.

लाखनीच्या हायवेवरून आत वळलं की तलावाच्या पाळीला टेकलेलं त्यांचं गाव. दिवाळी उलटली, लवकर पिकणारा हलका धान कापून झाला की तिथे मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते. दिवसा दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ नि मिठाईची दुकानं, रात्री मांडवात नाटक. लेकी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घरं भरतात. आणि मंडईचं नाटक लिहिणार देवाजी, हे गावात ठरलेलंच. आता 'लिहिणार' म्हणजे जरा जास्तच झालं. तो सांगायचा. खाटेवर मांडी घालून, डोळे मिटून, बोट नाचवत सांगायचा आणि शेजारचा तुलाराम लिहून घ्यायचा. यंदा तुलाराम लेकाकडे नागपूरला जाऊन बसला आणि नाटककाराची पुरती पंचाईत झाली.

तेव्हा सून पुढे झाली. शुभांगी तिचं नाव. मराठी टायपिंग शिकलेली, सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं.

"मामाजी, कंपुटरवर टायपून मी देईन. पण एक बोली हाय."

"कोणती बोली?"

"सगुणाचं काम मी करीन."

सगुणा म्हणजे यंदाच्या नाटकातली सून. अशा कामाला आजवर बाहेरून नटी आणायचे. शुभांगी लग्न होऊन आली तेव्हापासून दर मंडईला पहिल्या रांगेत बसायची आणि नटीच्या आधी हिचे ओठ हलायचे. एकदा तर नटी रडायचं विसरली आणि हिनेच खाली बसून मनसोक्त रडून घेतलं. तिला एकदा, फक्त एकदा, त्या मांडवात वर उभं राहून खालच्या माणसांकडे बघायचं होतं. बस, एवढंच. पण घरची सून तोंडाला रंग लावून उभी राहणार आणि तेही व्याही मंडळींच्या देखत, हे देवाजीच्या घशाखाली उतरेना. तरी तो हो म्हणाला. दुसऱ्या अंकापर्यंत पोरगी कंटाळेल, असा त्याचा अंदाज. सुनांच्या चिकाटीचा अंदाज सासऱ्यांना कधी आलाय?

घरात एक जुना कंपुटर होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या दिराने, विनोदने, आणून ठेवलेला. त्यात लिनक्स घातलंय, आता हा कधी बिघडायचा नाही, असं छातीठोक सांगून तो गेला, आणि झालं काय, तर पडद्यावरच्या चित्रांवर कितीही टिचक्या मारा, एकही उघडेना. शुभांगीने फोन लावला.

"भाऊजी, मी कधीची दाबून राहिली, काहीच उघडून नाही राहिलं."

"चित्रं सोडा, वहिनी. कंट्रोल, आल्ट अन् टी एका टायमाले दाबा. काळी खिडकी आली?"

"आली बापा. लगित काळी हाय."

"तिच्यात हुकूम लिहायचा. इंग्रजीत. जी, ई, डी, आय, टी. गेडिट म्हणतात त्याले. लिहाचा कागद समजा. चला, गेडिट अन् एंटर मारा."

टायपिंगच्या क्लासमध्ये शुभांगीला एक सवय लागली होती. बाई जे बोलतील ते अक्षरन् अक्षर उतरवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. शब्द गळला की बाई पान फाडायच्या. विनोदने सांगितलं तसं तिने उतरवलं, एंटर मारलं, आणि काय सांगावं, पांढराशुभ्र कागद पडद्यावर हजर!

"आता ते काळी खिडकी बंद करू नोका," विनोद म्हणाला. "ते गेली का तिच्यासंग कागदबी गेला. लिहून झालं का कंट्रोल अन् एस दाबा. नाव इचारलं तर काहीतरी द्या."

मग नाटक सुरू झालं. देवाजीने डोळे मिटले आणि पहिलं वाक्य सोडलं. "अन् मंग पडदा उघडते."

देवाजीला 'अन्' शिवाय बोलताच येत नसे. अन् सगुणा येते, अन् पाटील हासते, अन् सगुणा म्हणते. तुलाराम हे सगळे अन् गाळून लिहायचा. शुभांगीने एक गाळला नाही. सासूबाई, म्हणजे रुखमिणी, दारात तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "ह्यांच्या नाटकात मानसं कमी अन् अन् जास्त." देवाजीने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत देवाजी बोलला आणि शुभांगीची बोटं पळाली. अंकामागून अंक संपला, पोरगी काही कंटाळली नाही. शेवटी पाटील सगुणाची माफी मागतो, अन् पडदा पडते. तिने कंट्रोल एस दाबलं. कंपुटरने नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. झालं असेल, म्हणून तिने सगळं बंद केलं आणि भात टाकायला उठली. पोळी लाटतानाही सगुणाचे संवाद तिच्या ओठांवर होते.

दुसऱ्या दिवशी नाटक मंडळाचा इश्वर नाटक वाचायला येणार होता. सारखा फोन नको म्हणून विनोदने सकाळीच मेसेज टाकून ठेवला होता. मेसेजमध्ये एकच शब्द, गेडिट. शुभांगीने काळी खिडकी उघडली, मेसेजमध्ये पाहून पाहून तेवढाच शब्द लिहिला आणि एंटर मारलं.

पांढरा कागद आला. कोरा करकरीत. वर नाही, खाली नाही, कुठे एक अक्षर नाही.

तिने बंद करून परत उघडला. कोराच. तिसऱ्यांदा उघडला, तरी कोराच. "आई!" अशी हाक तिने मारली की रुखमिणीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"म्या काहीच नाही केलं वं," रुखमिणी आल्या आल्या म्हणाली. "चटणीसाठी मिक्सर लावाचा होता, म्हणून सकाळी कंपुटरची पिन काढली होती, बस."

"अवं, पिन काढली!" मागून देवाजी गरजला. "माहं नाटक मिक्सरात घातलं तुनं!"

रुखमिणी खरोखर घाबरली. नवऱ्याचं नाटक आपल्या चटणीत गेलं या विचाराने तिने पदर तोंडाला लावला. देवाजी खाटेवर कोसळला. हळहळला, कपाळावर हात मारून घेतला. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा तसंच सांगणं त्याच्याने कधी झालं नव्हतं. साधं कालच्या जेवणाचं सांगताना तो दोनदा दोन भाज्या सांगायचा. नाटक गेलं म्हणजे गेलंच. पण हळहळता हळहळता त्याच्या काहीतरी ध्यानात आलं असावं, कारण तो एकदम उठून बसला आणि मिशीवरून हात फिरवायला लागला.

"नाटकच नाही, तं बोली कायची?" तो म्हणाला. "यंदा गेल्या सालचंच लावू. त्याच्यात सुनेचं कामच नाही."

शुभांगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मामाजी, नाटक सापडलं तं?"

"आता कुठून सापडते, बाई? पाह्य, सापडलं तं तू सगुणा. अन् मी तुमच्या तालमीले चाय पाजीन. अन् कपबश्याबी मीच धुईन!"

आयुष्यात ज्याने स्वतःचा पाण्याचा गिलास उचलून ठेवला नाही, तो माणूस कपबशा धुवायच्या गोष्टी करत होता. एवढी त्याला खात्री.

शुभांगी आत, कंपुटरच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि विनोदला फोन लावला. तो घाईत होता.

"नाव काय देलं होतं फाईलले?"

"नावच नाही इचारलं त्यानं."

"असं होतच नाही, वहिनी. नाव नसलं तं इचारतेच. तुमी काल केलं तसंच करून पाहा बरं. काही येगळं नोका करू. काळी खिडकी घ्या. गेडिट अन् एंटर."

शुभांगीचा हात कळफलकावर थांबला. काल सांगितलं तसंच. अक्षरन् अक्षर. तिने लिहिलं गेडिट. थोडी जागा सोडली. मग लिहिलं अन्. इंग्रजी ए, इंग्रजी एन. आणि एंटर मारलं.

अन् मंग पडदा उघडते.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या पडद्यापर्यंत, सगळे अन् जागच्या जागी, नाटक समोर उभं!

"भाऊजी, आलं!"

"कसं काय? काय लिवलं तुमी?"

"तुमीच तं सांगितलं. गेडिट अन्."

 पलीकडे विनोद जो हसायला लागला, तो थांबेना. "अहो वहिनी, ते अन् लिहाचं नव्हतं! थो माह्या बोलण्यातला अन् होता! म्हणून त्यानं नाव नाही इचारलं. फाईलचं नावच 'अन्' ठेवून बसल्या तुमी!"

शुभांगी ओढणी तोंडात कोंबून हसली. आधी तिला वाटलं, धावत जाऊन सांगावं. दारापर्यंत गेलीही. मग थांबली. मामाजींना ती पुरती ओळखून होती. आत्ता सांगितलं तर म्हणतील, मी तं गंमत केली होती. याला साक्षीदार पाहिजे. तिने नाटक बंद केलं, डोळे चोळून चांगले लाल केले आणि पडेल चेहऱ्याने बाहेर येऊन बसली. रुखमिणीने तिच्याकडे एकदा पाहिलं. सासूच ती. काही न विचारता तिने चुलीवरची चहाची गंजी बाजूला काढून ठेवली.

उन्हं कलली तसा इश्वर आला. देवाजीने त्याला मिक्सरची सगळी करुण कहाणी सांगितली, डोळेसुद्धा पुसले.

"अन् मामाजीनं बोली केली, सांगा ना," शुभांगीने बारीक आवाजात आठवण दिली.

"हो तं!" देवाजीला आता चांगलाच जोर चढला होता. "इश्वर, हे नाटक जर परत आलं, तं सगुणा आमची शुभांगी. अन् मंडईपावतर रोजच्या तालमीले चाय माह्या हातची. अन् कपबश्या मीच धुईन. देवाजीचा शब्द हाय हा!"

"म्या आयकलं," इश्वर म्हणाला.

"म्याबी," चुलीजवळून रुखमिणी म्हणाली.

"चला तं मंग, एकडाव शेवटचं पाहून घेऊ," शुभांगी उठली.

सगळे कंपुटरभोवती जमले. तिने काळी खिडकी उघडली, गेडिट लिहिलं, जागा सोडली आणि हात जोडून सासऱ्याकडे वळली.

"मामाजी, मंतर तुमीच म्हणा."

"कोणता मंतर? बैताड झाली का तू?"

"नाटक सांगाले बसले का तुमच्या तोंडून पह्यला शब्द कोणता निंगते, थो म्हणा."

"म्हणजे? अन् मंग..."

"बस बस! तेवढाच!"

तिने अन् लिहिलं, एंटर मारलं.

देवाजीचं बोट हवेतच राहिलं. इश्वर पडद्यापाशी वाकला, मोठ्याने वाचायला लागला आणि पाटलाच्या पहिल्याच संवादाला खदखदून हसला. रुखमिणीने वर बघून हात जोडले. तिची चटणी निर्दोष सुटली होती. देवाजी मात्र आळीपाळीने पडद्याकडे आणि सुनेकडे बघत होता. आपल्याला कुठेतरी बनवलंय एवढं त्याला कळलं, पण नेमकं कुठे ते कळेना. आणि समोर स्वतःचं नाटक परत आलेलं पाहून छाती फुगत होती, तीही लपेना.

"वरतं हे काय लिवलं हाय?" इश्वरने खिडकीच्या माथ्याकडे बोट दाखवलं. "अन्? देवाजीबुवा, नाटकाचं नाव 'अन्' ठेवलं का तुमी?"

नाटकाला अजून नावच ठेवलं नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणेल तो देवाजी कसला?

"मंग!" तो मान ताठ करून म्हणाला. "मुद्दामच ठेवलं. लगित इचार हाय त्याच्यामांगं. तुमाले नाही समजाचा."

"थे समजलं जी," रुखमिणी चुलीजवळ जाऊन म्हणाली. "गंजी इथं ठेवली हाय. साखर वरच्या डब्यात हाय."

मंडईपर्यंत तलावाकाठच्या त्या घरात रोज तालीम चालली आणि रोज देवाजी चहा करत राहिला. पहिल्या दिवशी त्यात साखर पडली नाही, दुसऱ्या दिवशी पत्ती पडली नाही, आणि बशा किती फुटल्या ते रुखमिणीलाच ठाऊक. पण चहा गाळता गाळता तो कान देऊन असायचा. एके दिवशी शुभांगी सगुणाचं शेवटचं बोलणं बोलली. ते ऐकताना त्याच्या हातातली गाळणी तिरपी झाली आणि चहा सगळा ओट्यावर सांडला. तो फडकं शोधायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मंडई तोंडावर आली तेव्हा जाहिरातीचा कागद करायचा होता. शुभांगी कंपुटरसमोर बसली. देवाजी शेजारी स्टुलावर, खांद्यावर कपबशा पुसायचं फडकं.

"लिव," तो म्हणाला. "नाटकाचं नाव, अन्. कलाकार, इश्वर, पिंटू, हेमराज..." इथे तो थांबला, डोळे मिटले, बोट वर केलं. "अन् शुभांगी."

तिची बोटं थबकली. बाहेरून येणाऱ्या मोठ्या नटीचं नाव मंडळी असंच शेवटी टाकायची, सगळ्यांपासून वेगळं काढून. तिला हसू येत होतं आणि अक्षरं धूसर दिसत होती.

"मामाजी, हा अन् लिहाचा हाय, का तुमच्या बोलण्यातला हाय?"

"लिहाचा हाय," देवाजी म्हणाला. "अन् मोठ्या अक्षरात लिव."