दोरावरची रेघ

शनिवारी सकाळी साडेआठला फिटरबाई पुलाच्या टोकाच्या खड्ड्यात उतरली. वीस मिनिटांत आटपेल असं तिला वाटलं होतं.

पूल पायी जाणाऱ्यांचा, झुलता. मनगटाएवढे जाड दोन पोलादी दोर नदी ओलांडून यायचे आणि दोन्ही तीरांवर काँक्रीटच्या खड्ड्यात जाऊन लोखंडी खुंटाला वळसा घालायचे. वळसा घातलेलं टोक मूळ दोराला आठ क्लॅम्पनी आवळलेलं असे. सगळा पूल त्या आठांवर. मागच्या महिन्यात रंगकाम झालं तेव्हा ती रजेवर होती. परतल्यावर तिने सोमवारी शेवटच्या क्लॅम्पपासून दोरापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. दोर सरकला तर रेघ तुटणार. काही होणार नाही याची तिला खात्रीच होती, पण सवय.

बॅटरीच्या उजेडात तिला दोन रेघा दिसल्या. एक क्लॅम्पवर, दुसरी त्याच्यापासून दोन बोटं दूर, दोरावर.

तिने क्लॅम्पची कड नखाने खरवडली. आतून निळा रंग निघाला. रंगाऱ्यांनी नट ढिले केले होते आणि रंग ओला असतानाच परत आवळले होते. दोराची पकड लोखंडावर नव्हती, रंगाच्या सालपटावर होती. तिने पाना लावला. सहा नट हलेनात. दोन नुसतेच गोल फिरले.

तिने पूल खात्याच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, डाव्या दोराची रेघ सरकलीय."

"किती?"

"दोन बोटं."

"बोटं मला कळत नाहीत."

"बत्तीस मिलिमीटर. पाच दिवसांत."

"सोमवारी येऊन बघतो."

"आज चारला तीनशे माणसं मधोमध उभी राहणार आहेत."

"दर वर्षी राहतात."

"दर वर्षी रेघ जागेवर असते."

"हे बघ, आजच्या दिवशी पूल बंद केला तर गाव मला फाडून खाईल. आणि तुला तर..." साहेब थांबले. "सोमवारी बोलू."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला फोन ठेवणं सोपं असतं. 'तुला तर' याच्या पुढचं मात्र तिला पाठ होतं.

अडतीस वर्षांपूर्वी याच जागी जुना झुलता पूल होता. नदीत होड्यांची शर्यत होती. एका वेळी साठ माणसं सोडायचा नियम. त्या दिवशी पुलावर दोनशेच्या वर होती. चार वाजून दहा मिनिटांनी दोर निसटला. एकेचाळीस माणसं गेली. फाटकावर तिचे वडील होते. चौकशी झाली, सुटले, पण गावाने काही त्यांना सोडलं नाही. नवा पूल झाल्यापासून दर वर्षी त्या तारखेला गाव चालत पुलाच्या मध्यावर जातं, कर्ण्यावरून एकेचाळीस नावं वाचली जातात, आणि सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहतात. फाटकवाल्याच्या घरचं कुणी तिथे जात नाही. ती याच पुलावर नोकरीला लागली तेव्हा लोक म्हणाले, बघा, चोराच्या हाती किल्ल्या.

दुपारी ती घरी गेली. वडील मागच्या खोलीत खिडकी लावून बसले होते. आजच्या दिवशी ती खिडकी कायम बंदच असे. कर्ण्याचा आवाज थेट तिथवर येतो.

तिने ताट वाढून घेतलं आणि हात न लावता विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला आधी काही कळलं होतं?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"फाटकाशी उभा राहिलो की दोर माझ्या खांद्याला लागायचा," ते म्हणाले. "त्या दिवशी कोपराला लागत होता."

"मग?"

"मग काय. लोक हसत होते, घाई करत होते, माझ्या ओळखीचेच सगळे. मला वाटलं, मलाच भास होतोय. इतक्या माणसांत मी एकटाच कसा बरोबर असेन."

ती ताटावरून उठली.

"जेवून तरी जा, पोरी."

"आल्यावर जेवते."

शाळेच्या सभागृहात मास्तर कर्ण्याची वायर गुंडाळत होते. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलं होतं. नावांची वहीही त्यांचीच. त्यात सातवं नाव त्यांच्या धाकट्या बहिणीचं. फिटरबाईने सगळं एका दमात सांगितलं. मास्तरांचे हात थांबले.

"साहेबांची चिठ्ठी आहे?"

"नाही. ते सोमवार म्हणतायत."

"म्हणजे साहेब म्हणतात चालेल, आणि तू म्हणतेस नाही."

"हो."

"नवा पूल झाल्यापासून एकदाही चुकलेलं नाही," मास्तर हळू म्हणाले. "पुरात नाही, आजारपणात नाही. आणि नको म्हणायला आलं कोण, तर तू. लोक काय म्हणतील, ठाऊक आहे ना तुला?"

"जन्मापासून ऐकतेय, मास्तर. तुम्ही फक्त त्यांना काठावर थांबवा."

"मी त्यांना काय सांगू? रेघ सरकली म्हणून?"

ती फाटकाकडे निघाली.

साडेतीनला तिने फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि समोर उभी राहिली. पावणेचारपर्यंत रस्ता भरला. कुणाच्या हातात फोटो, कुणाच्या हातात फुलं. आधी लोकांना वाटलं, उघडेल. मग कुजबुज, मग धक्के.

"साहेबांना विचारलंय आम्ही. ते म्हणतात, पूल ठणठणीत आहे."

"साहेबांनी खड्ड्यात उतरून बघितलेलं नाही," ती म्हणाली.

मागून एक बाई शांतपणे म्हणाली, "बापाने उघडायचं नाही तेव्हा उघडलं. लेकीने उघडायचं तेव्हा बंद केलं." कुणी हसलं नाही.

आपलंच चुकत असलं तर? रेघ ओढताना आपलाच हात हलला असला तर? वडिलांचा प्रश्न आता तिच्या मानगुटीवर बसला होता: इतक्या माणसांत मी एकटीच कशी बरोबर?

गर्दी बाजूला करत मास्तर पुढे आले. "मला दाखव," ते म्हणाले. "मी बघतो आणि यांना सांगतो. मग तर झालं?"

सत्तरीचे मास्तर तिचा हात धरून लोखंडी शिडीने खड्ड्यात उतरले. तिने बॅटरी धरली. मास्तरांनी चष्मा वर करून दोन्ही रेघा पाहिल्या आणि त्यांच्यामधल्या जागेवर बोट ठेवलं.

"एवढंच?"

तेवढ्यात वर गलका झाला. ती फाटकासमोरून हटल्याबरोबर काहीजण कठड्यावरून पलीकडे चढले होते. त्यांच्यामागे आणखी. डोक्यावरच्या फळ्यांवर पावलं वाजू लागली.

"मास्तर," ती म्हणाली, "बोट काढू नका."

मास्तरांनी काढलं नव्हतं. त्यांच्या बोटाखाली दोर सरकत होता. मुंगी चालावी इतका हळू, पण सरकत होता. मग क्लॅम्पमधून कट् असा आवाज आला आणि निळ्या रंगाची साल खाली पडली.

शिडी मास्तर कसे चढले हे त्यांनाही नंतर सांगता येईना. पुलावर तेवीसजण होते, सर्वांत पुढचे जवळजवळ मध्यावर. फाटकाला धरून मास्तर वर्गात बोलायचे तसे बोलले. आवाज मोठा, पण चढलेला नाही.

"सगळे आहात तिथे उभे राहा. धावायचं नाही."

ते उभे राहिले. वर्गातली सवय अंगातून जात नाही.

"आता सगळ्यांत अलीकडचा आधी येईल. चालत. तो फाटकाशी पोचला की पुढचा. बाकीच्यांनी उजवा कठडा धरा."

फिटरबाई खड्ड्यातच होती. तिने गोल फिरणाऱ्या नटांपैकी एकावर पाना अडकवून सगळं अंग टाकलं होतं. त्याने काही होणार नाही, हे तिला कळत होतं. वरून मास्तर मोजत होते आणि ती खालून रेघ वाचत होती.

"चाळीस," ती ओरडून सांगे. "एकेचाळीस. चाला."

बाराव्या माणसाला पूल डावीकडे कलला. मधल्या एका म्हातारीच्या हातातली तसबीर निसटून नदीत पडली, ती वाकायला गेली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "तू ये."

ती आली. शेवटचा माणूस फाटकावरून अलीकडे उतरला तेव्हा रेघ छप्पन्नवर होती. दोराचं टोक आता क्लॅम्पच्या पुढे जेमतेम चार बोटं उरलं होतं.

पूल पडला नाही. एका बाजूला वीतभर खाली येऊन तसाच लोंबत राहिला. नंतर मोठ्या कचेरीतून आलेल्या इंजिनिअरने अहवालात लिहिलं की तीनशे माणसांचं वजन त्याने पेललं असतं की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. गावात अजूनही दोन तट आहेत. एक म्हणतो, बाईने वाचवलं. दुसरा म्हणतो, एवढं काही झालं नसतं. साहेबांची बदली झाली. बढतीवर, असं ऐकिवात आहे.

त्या दिवशी नावं काठावर वाचली गेली, पाच वाजता. फिटरबाई तेवढ्यापुरतीही थांबली नाही. घरी जाऊन तिने गार झालेलं ताट पुढे ओढलं. मागची खिडकी बंदच होती.

"किती होते वर?" वडिलांनी विचारलं. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"तेवीस."

"सगळे आले?"

"सगळे."

वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. ती जेवत राहिली.

आठवड्याने दार वाजलं. बाहेर मास्तर होते, काखेत वही. चप्पल काढून ते दारातच थांबले. वडील उठून उभे राहिले. अडतीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"वहीत त्या दिवसाबद्दल सगळ्यांचं सांगणं आहे," मास्तर म्हणाले. "वाचलेल्यांचं, काठावरून बघणाऱ्यांचं, होडीवाल्यांचं. तुमचं नाही. मी विचारलंच नाही."

"माझं कशाला?"

"दोर कोपराला लागत होता, असं तुमची मुलगी परवा म्हणाली. हे गावात कुणालाच ठाऊक नाही. पुढच्या फाटकवाल्याला ते ठाऊक हवं."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. तिने खुर्ची पुढे सरकवली आणि कामाला जायला निघाली. नवे क्लॅम्प आले होते.

"मी उघडलं, तेही लिहा," वडील म्हणाले. "ते आधी लिहा."

"लिहितो."

वडील बोलू लागले. सुरुवातीला अडखळत, मग एकदम भरभर, इतकं की मास्तरांचं पेन मागे पडलं.

"जरा सावकाश," मास्तर म्हणाले. "एकही शब्द सुटायला नको."