मला पाय चिकटवले त्याची गोष्ट

मित्रांनो, आधी या पाओशानचे हात बघा. नखांत अजून सरस आहे. याच हातांनी त्याने माझी शेपूट खरवडली आणि वर मलाच म्हणाला, "आता कशी भारी दिसतेस!"

मी एक जुनी मासोळी आहे, दगडातली. चीनमधल्या ल्याओनिंगच्या या डोंगरांत आमचे तळे होते. एके दिवशी डोंगराने राख ओकली आणि आमचा घोळका तळाशी गाडला गेला. माझ्या कल्ल्याशी नेच्याचे एक पान येऊन पडले. गाळाचा दगड झाला, तळ्याचे शेत झाले. मी कधी कुरकुर केली नाही.

पुढे पाओशानच्या बापाने छिन्नीने माझी दगडी लादी उकलली. तिची दोन पाने झाली. एकात माझी हाडे, दुसऱ्यात त्यांचा ठसा. जोडी कधी फोडायची नाही, ही इथली रीत. तो दोन्ही पाने समोरासमोर ठेवून गवताच्या दोरीने बांधायचा आणि पोरांना उघडून दाखवायचा. पोरे श्वास रोखून बघायची. तेवढा मान मला पुरेसा होता.

बाप गेला आणि पाओशानने दोरी सोडली. नुसता ठसा कोण घेणार, म्हणून ते पान त्याने आंबवायच्या कोबीवर दाब म्हणून ठेवले. कोबीवर, मित्रांनो! मला मात्र पालीसारख्या कुठल्या प्राण्याचे दगडी पाय आणि लांब शेपूट चिकटवली. आता मी खोट्या नावाने कायमची परक्या घरी जाणार होते.

गिऱ्हाईक आले. "वा! हा तर पाण्यातला ड्रॅगन!"

पाओशानची आई, यिनबाई, चुलीपाशी होती. "ड्रॅगन? कालपर्यंत तर मासोळी होती. चालून चालून थकली असेल बिचारी."

"आई, तू गप्प बस ना!"

ती उठली. कोबीच्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून तिने ठशाचे पान काढले, फडक्याने पुसले आणि माझ्याशेजारी ठेवले. खाऱ्या पाण्याने त्याच्या कडा झडल्या होत्या. पण ठशात माझी शेपूट अख्खी होती आणि पाय एकही नव्हता.

गिऱ्हाईक निघून गेले.

"अगं, एवढ्याशा माशाला कोण विचारतं?" पाओशान चिडला. "इथं भिंतीभिंतीच्या दगडांत असले मासे पडलेत!"

मित्रांनो, दगड उकललात तर जोडी जपा. आमच्यात भर घालू नका. आम्हाला काही कमी नव्हते.

यिनबाईने दोन्ही पाने खिडकीत मांडली आणि लेकाकडे वळली.

"ही इथंच राहणार, अशीच, तुझ्या त्या पायांसकट. येणारा विचारेल, शेपूट कुठं गेली? मी नाही सांगायची. तू सांगायचंस, 'मी खरवडली.' आणि मान वर करून सांग, पुटपुटू नकोस."