सख्ख्या जावा

मनिषा मॅडमची बदली चारठाण्याकडं झाली, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. राजेश्री मॅडम इथंच, गंगाखेडजवळच्या गावात राहणार. शिक्षक नवरा-बायको असले तर सरकार त्यांना शक्यतो जवळ ठेवतं. या दोघी कैक वर्षं एका घरात, एका स्कूटीवर आणि एकाच भांडणात राहत होत्या. पण त्यासाठी सरकारकडं रकाना नव्हता.

गावाला दोन्ही मॅडम हव्या होत्या. म्हणून ठराव करून बदली थांबवायला शाळा समिती बसली.

"कारण काय लिहू?" मुख्याध्यापक बन्सीधर सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"आम्ही जोडीदार आहोत," राजेश्री म्हणाली. हे वाक्य ती घरून पाठ करून आली होती.

"हो ना. इंग्रजी-गणिताची अशी जोडी तालुक्यात नाही."

"तसं नाही, सर. आमचं एकमेकींवर प्रेम आहे."

"स्टाफमध्ये प्रेम पाहिजेच."

राजेश्रीनं मनिषाकडं पाहिलं. मनिषानं छताकडं.

"बहिनी लिवा," अध्यक्ष सटवाजी खाकरून म्हणाले. "मावसबहिनी."

"आम्ही कुणाच्या बहिणी नाही, मामा."

"मंग मानलेल्या."

"माज्याकडं तोडगा हाय," समितीच्या सदस्य कासाबाई पुढं सरकल्या. "माज्या नंदेचे दोन दीर हायेत पाथरीला. सख्खे भाऊ, बिनलग्नाचे. दोघी एकाच घरात पडा. सख्ख्या जावा! जलमभर एका चुलीवर. मंग कोन तोडतंय? रविवारी बघायला यायलेत."

सभेनं माना डोलावल्या. सरांनी 'जावा' असं लिहून खाली रेघही मारली.

"काकू!" राजेश्री उठलीच. "आम्हाला एकमेकींजवळ राहायला दोन नवरे कशाला?"

"कागदाला लागत्यात, बाई. आमी काय आंधळे हाव? समदं ठाव हाय. म्हनून तर तोडगा काढला."

"ठाऊक आहे?" मनिषा पहिल्यांदाच बोलली. "सगळ्यांना?"

"हाय की," सटवाजी म्हणाले. "पर आमी कदी बोललो का? एक अक्षर न्हाई." उपकाराची पावती मागावी तसा त्यांचा सूर होता.

"तेच तर, मामा!" राजेश्री म्हणाली. "तुम्ही बोलत नाही, मी बोलले की सरांना इंग्रजी-गणित ऐकू येतं. उद्या वर्गात एखादी पोरगी माझ्यासारखी निघाली, तर तिनं आमच्याकडं बघून काय शिकायचं? मोठेपणी सख्ख्या जावा व्हायचं?"



"मंग पाव्हन्यांना काय सांगू?" कासाबाईंना खरी अडचण ती होती.

"आमचं झालंय म्हणून सांगा."

"कुनासंग, इचारतील."

"तुम्हाला ठाव हाय म्हणालात ना? तेच सांगा."

कासाबाईंनी दोघींकडं नीट पाहिलं, आणि फोन लावला. वर्गात रेंज नव्हती, म्हणून व्हरांड्यात गेल्या. तिथंही अर्धीच होती.

"हालो! येऊ नका रविवारी. झालंय पोरींचं... कुनासंग? एकमेकींसंग!... आवाज कटायलाय का? एकमेकींसंग म्हनले! ए-क-मे-कीं-सं-ग!"

उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात थांबला. पारावरची माणसं वळली. पाचवीच्या वर्गानं पाढे म्हणायचे थांबवले.

सरांनी 'जावा' खोडलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"काय लिहू, मॅडम?"

"आत्ता ऐकलंत ते," मनिषा म्हणाली.

सरांनी पेन कागदाला टेकवलं.

"'संग' ऑफिसात चालत नाही," ते म्हणाले. "'एकमेकींशी' लिहितो."