चहापुरती गिटार

पदू गिटारवाल्याची कॅसेट आली आणि त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. ठरतील कसे? सारी उमर कोंडाबाईच्या गायन पार्टीत मागं बसून वाजवलेलं. कर्जत-खालापुरात कुठंही जा, लोक नाव घ्यायचे कोंडाबाईचं, आणि याला म्हणायचे 'तो तारा खाजवणारा'. आता मुंबईच्या एका कंपनीनं त्याची एकट्याची कॅसेट काढली होती. नुसती गिटार, गळा कुणाचाच नाही. कव्हरवर त्याचा फोटो, केसांना कलप लावलेला.

पार्टी सोडताना त्यानं कोंडाबाईला तोंडावर सुनावलं होतं, "तुज्या वरडन्याखाली माजी बोटं मेली गं, कोंडे. एकदा तोंड मिटून आयक, मंग कळंल मी कोन हाय ते." जिनं आपल्या ताटातली भाकर मोडून याला दिली, तिला हे!

भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी साजगावच्या बुद्धवाड्यात मांडव तसाच उभा होता. कॅसेट पहिल्यांदा वाजेल ती आपल्या माणसांत, असा पदूचा हट्ट. लाउडस्पीकरवाल्या पोपटनं टेप कर्ण्याला जोडला. भर दुपारी मांडव गच्च भरला. पदू नवा सदरा घालून, मांडीवर गिटार घेऊन स्टेजवर बसला होता, आणि समोर पहिल्याच रांगेत कोंडाबाई. त्याला तीच हवी होती. "आज तिनं चार माणसांत मला मानलं की मी जिंकलो," असं तो सकाळीच बायकोला म्हणाला होता.

पोपटनं बटण दाबलं. गिटार सुरू झाली, आणि मांडव उठला.

अहो, खरंच उठला! कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. पार्टीची रीतच तशी होती. गाऊन गाऊन कोंडाबाईचा गळा सुकला की ती चहाला टेकायची आणि तेवढा वेळ पदू एकटा वाजवायचा. "मी वाजवतोय तवर या जाऊन," असं माइकवर सांगायचा तोच. हे वळण लोकांना त्यानंच लावलेलं. एकटी गिटार कानावर पडली की साजगावकरांना चहा आठवायचा, बिडी आठवायची, आणि बायका पोरांना आडोशाला न्यायच्या.

"बसा की रं!" पदू ओरडला. "हीच कॅसेट हाय!"

"आलोच," सखाराम चपला शोधत म्हणाला. "गानं चालू झालं की हाक मार."

किटलीपाशी कुणीतरी म्हणालं, "वाजवतो ब्येस, पन कोंडाबाय कवा उठनार?" दुसरा म्हणाला, "म्हातारा येडा झालाय." सगळे खो खो हसले. पदूला शब्द न् शब्द ऐकू येत होता. कर्ण्यातून त्याच्या आईची जात्यावरची ओवी वाजत होती. ती वाजवायला त्यानं जीव ओतला होता, आणि समोर रिकाम्या सतरंज्या.

एकटी कोंडाबाई बसून होती. त्यानं सांगितलं होतं तशी, तोंड मिटून. ओवी संपताना तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पदूचा जीव भांड्यात पडला. बाकीचे गेले खड्ड्यात!

टेप थांबला. कोंडाबाई उठून स्टेजवर आली, त्याच्या कानाशी वाकली.

"लई ग्वाड वाजवलंस रं, पदू. असं कुनालाच जमायचं नाय. रडाय आलं मला."

"मंग सांग की त्यांना!" पदूनं माइक तिच्यापुढं केला. "माइकवर सांग, कोंडे. तुजं आयकतील."

"सांगते की," ती म्हणाली, आणि तिनं माइक हातात घेतला.

"झाला का रं समद्यांचा च्या?"

मांडवात एकच धावपळ उडाली. हातातले कप तसेच टाकून लोक आले, दाटीवाटीनं बसले, शिट्ट्या पडल्या. कोंडाबाईनं पदर खोचला आणि मागं न बघता, रोजच्यासारखंच म्हणाली, "पदू, सूर दे."

पदूला 'नाय' म्हणायचं होतं. बोटं मात्र तारांवर गेली, आणि त्यांनी सूर दिला.