काळी चारची टिकली

गिटार आणली होती संघदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. आठ दिवस बोटं दुखवून घेतली आणि खुंटीला टांगली. आमचा संघदीप पहिल्यापासून आरंभशूर. दोन वर्षं तिच्यावरची धूळ मीच पुसत होते, म्हणून शेवटी ती माझी झाली.

शिकायची वेळ आणली ती सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईने. रुक्माबाई म्हटलं की तिरोड्याच्या आसपासच्या गावांत लोकांना विहारातलं गाणं आठवतं. वीस वर्षं पेटीवर तिला साथ करणारे खेमराजबाबू यंदा पेटीसकट मुलीकडे सालेकसाला राहायला गेले. बुद्धपौर्णिमा महिन्यावर आली, आणि आई साथीशिवाय गायला तयार नव्हती. मी वाजवते म्हटलं. तिने गिटारकडे संशयाने पाहिलं आणि एकच अट घातली, तिचा सूर काळी चार, तो खाली आणायचा नाही. पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, ती काळी चार. लग्नाआधीपासून ती तिथूनच गात आलेली, आणि हे सांगताना तिची मान ताठ व्हायची.

आता गिटारवर ना काळी, ना पांढरी. नुसती लाकडाची मान, पितळी पट्ट्यांनी पाडलेले खाने आणि सहा तारा. मोबाइलवरचा शिकवणारा इंग्रजी अक्षरं सांगायचा. मी एका कागदावर ती अक्षरं आणि त्यांच्यासमोर पेटीच्या पट्ट्या लिहिल्या, आणि रोज भात शिजेपर्यंत एकेका तारेवर बोट फिरवत पाठ करू लागले. एक खाना पुढे सरकलं की सूर एक पट्टी चढतो, कायदा एवढाच. पण काळी चार सहा तारांवर सहा ठिकाणी निघाली तेव्हा माझं डोकं फिरलं. शेवटी काळ्या टिकल्यांचं पाकीट फोडून त्या सहा जागी एकेक टिकली चिकटवली. सगळ्यांत जाड तारेवर ती चौथ्या खान्यात आली, हे आईलाही दाखवलं.

पंधरा दिवसांनी आम्ही सरावाला बसलो. मी टिकलीवर बोट ठेवून सूर दिला. आईने सुरुवात चांगली केली, पण वरच्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा गायली, पुन्हा तेच. ती पाणी प्यायली आणि तिने पेला खाली ठेवला.

"माहा गळा गेला, रश्मी," ती म्हणाली. "पौर्णिमेले मी नाई गात."

मला रडू आलं. माझ्याच हाताने तिचं गाणं बंद पडलं असं वाटलं. मी परसात जाऊन खेमराजबाबूंना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं.

"सात वर्सं झाली, पोरी, मी काळी तीनवरच वाजवून राहिलो," ते म्हणाले. "गळा उतरला होता तिचा. तिले कायले सांगू?"

पेटीच्या पट्ट्या वाजवणाऱ्याकडे असतात, समोर उभ्या गाणारीला दिसत नाहीत. तेवढ्यावर या माणसाने सात वर्षं तिची मान ताठ ठेवली होती. मीही तेच करायचं ठरवलं. आईला म्हटलं, चूक माझी, तारा जास्त ताणल्या गेल्या होत्या. काळी तीन म्हणजे मधली पांढरी धरून दोन खाने मागे. तिथून वाजवलं आणि आई डोळे मिटून, न अडखळता गायली. तिचा चेहरा उजळला, आणि मी स्वतःला फार हुशार समजू लागले.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पौर्णिमेला विहारात आई माझ्या शेजारीच बसून गायली. पहिलं गाणं सुरेख झालं. बाया डोळे पुसत होत्या. आई मात्र माझ्या बोटाकडे पाहत होती. बोट दुसऱ्या खान्यात, टिकली चौथ्यात.

तिने माईक बाजूला सारला. गिटारची मान आपल्याकडे ओढली, जाड तारेखालची टिकली नखाने उचलली आणि माझं बोट होतं तिथे दाबून बसवली.

"आता हीच माही काळी चार," ती हळूच म्हणाली. "खेमराजले सांगजो, मले समजलं म्हणून."

मग माईक जवळ घेऊन तिने दुसरं गाणं धरलं. उरलेल्या पाच टिकल्या आम्ही दोघींनी घरी येऊन हलवल्या.