सोबतीला कोण

अर्फा ज्या शास्त्रात पीएचडी करत होती ते धड घट्टही नाहीत आणि धड पातळही नाहीत अशा पदार्थांचं शास्त्र. तिचं काम दह्यावर. त्यामुळे विश्रामबागेतल्या शेजारणींमध्ये बातमी अशी पसरली की मदिनाबींची सून दह्यावर भाषण द्यायला बेंगळुरूला निघालीय. अर्फाला हसू यायचं. पण भाषण खरंच होतं, आणि तिचं पहिलंच होतं.

अडचण होती ती आठ महिन्यांच्या इलियासची. तो अजून अंगावर पीत होता, त्याला मागं ठेवून जाणं शक्यच नव्हतं. परिषदवाले मात्र शहाणे निघाले. नवख्या संशोधकांच्या येण्याजाण्याची सोय तर त्यांनी केलीच, वर बाळ सांभाळायला एक माणूस आणा, त्याचंही आम्ही बघतो, असं कळवलं. अर्फानं डोळे झाकून सासूचं नाव देऊन टाकलं. बाळ सांभाळायचं ते आजीनं, त्यात विचारायचं काय?

मदिनाबींनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. ना गुडघ्यांचं कारण, ना घरकामाचं. नुसतं नाही. अर्फाला कळेना. एवढी वर्षं कधी आडवी न आलेली ही बाई नेमकी आत्ताच का अडून बसली? अर्फा स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत रडली.

तारिक कुपवाडचं वर्कशॉप बंद करून घरी आला. बायकोचे डोळे बघून आईला समजवायला बसला. मदिनाबींनी त्याचं बोलणं चालू असतानाच इलियासला त्याच्या मांडीवर ठेवलं. पोरानं भोकाड पसरलं. तारिक त्याला कसंबसं धरून आईकडे बघत राहिला.

"माझ्या हातावर गप निजतंय," मदिनाबी म्हणाल्या. "तुझ्या हातावर कवा निजायचं? मी न्हाई जात. तू जा."

तारिकनं वर्कशॉपचं नाव काढलं.

"तुझ्या बापानंबी तेच केलं. घरी आले की तू माझ्या पदराआड लपायचास. लय वाईट वाटायचं त्यास्नी."

तारिकनं रडणाऱ्या इलियासला उचलून खांद्यावर घेतलं. अर्फानं दुसऱ्याच दिवशी फोन करून नाव बदलून घेतलं.

बेंगळुरूत ती बोलायला उभी राहिली आणि बाहेरून ओळखीचं रडणं सुरू झालं. तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. पळत जावं असं वाटलं. दाराच्या काचेतून तारिक दिसला, इलियासला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारा. रडणं हळूहळू उतरत गेलं आणि थांबलं. तारिकनं मोकळ्या हातानं खूण केली, बोल तू. अर्फानं वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

संध्याकाळी मदिनाबींचा फोन आला. भाषण झालं का, म्हणून विचारलं.

"झालं, अम्मी."

"मधी उठावं लागलं?"

"न्हाई."

मग मदिनाबी म्हणाल्या, "मंजे निजला बापाच्या हातावर."