निळेसाहेबांची गुलाबी बाग

त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते आणि त्यांना पाहिलं की भले भले दुकानदार तराजू पुसायला लागत. पण नाव पडलं ते घरापुढच्या बागेमुळे. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही अंगांनी हायड्रेंजिया, आणि बहर आला की नारळाएवढाले निळे गुच्छ. म्हणून निळेसाहेब. त्यांची बायको पुढच्या खोलीत खिडकीशी बसून शाळेचे गणवेश शिवायची. तिला सगळे टेलरबाई म्हणत.

तो निळा रंग काही आपोआप येत नाही. हायड्रेंजियाचं फूल मातीवर जातं. माती आंबट असली तर निळं, तो आंबटपणा उतरला तर गुलाबी. निळेसाहेबांनी तीस वर्षं माती आंबट ठेवली. दर हंगामात गंधक टाकायचं, तुरटीचं पाणी घालायचं आणि झाडांच्या बुडाशी घरामागच्या पाइनच्या गळलेल्या सुयांचा थर द्यायचा. त्या मातीत दुसरं काही जगत नसे. टेलरबाईंनी एकदा कुंपणाच्या कडेला बीट लावून पाहिलं होतं. पानं तांबडीलाल होऊन आखडली आणि कंद निघाला करंगळीएवढा. निळेसाहेबांनी तो दोन बोटांत धरून पाहुण्यांना दाखवला.

"ही माती फक्त माझंच ऐकते," ते म्हणाले होते. पाहुणे हसले. टेलरबाई चहाचे कप उचलून आत गेल्या.

तर असे हे निळेसाहेब एका दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या गेले. महिन्याभरानं त्यांची धाकटी बहीण, म्हणजे टेलरबाईंची नणंद, पुष्पमंडळाच्या अध्यक्षांना घेऊन घरी आली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारे मुलगा आणि सूनही आले होते.

"वहिनी, दादाची बाग आहे तश्शी राहिली पाहिजे," नणंदबाई म्हणाल्या. "एक पान इकडचं तिकडे होता कामा नये."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "मंडळानं ठरवलंय, दरवर्षी बहराच्या दिवसांत साहेबांचं स्मृतिदर्शन ठेवायचं. फाटकावर पाटी लावू. गंधक-तुरटीचं सगळं आम्ही बघू. तुम्ही फक्त पाणी घालत जा."

"मला तिथं पालक लावायचाय," टेलरबाई म्हणाल्या. "आणि बीट. जमलं तर कोबीसुद्धा."

 अध्यक्षांना वाटलं, बाई थट्टा करतायत. ते मोठ्यानं हसले. "अहो, त्या मातीत गवतसुद्धा साहेबांची परवानगी घेऊन उगवायचं!"

"म्हणूनच म्हणतेय, वन्सं," टेलरबाई नणंदेकडे वळून म्हणाल्या. "तीस वर्षं भाजी बाजारातनं पिशवीत घालून आणली. घरापुढे एवढी जमीन, आणि मेथीची एक जुडी माझ्या हातची नाही."

"आई, लोक काय म्हणतील?" मुलगा म्हणाला. बापासारखाच तो बोलताना बोट नाचवायचा. "बाबांची एवढी एकच गोष्ट उरलीय. मला वचन दे. बाबांच्या एकाही झाडाला तू हात लावणार नाहीस."

टेलरबाईंनी खिडकीतून बागेकडे पाहिलं.

"एकाही झाडाला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "दिलं वचन."

नणंदबाईंचं समाधान झालं. मातीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी टेलरबाई मुठीएवढी माती कागदात बांधून नर्सरीत गेल्या. नर्सरीवाल्यानं ती पाण्यात ढवळली, गाळली आणि त्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला आणि शीळ घातली.

"सामू साडेचारच्या आसपास, बाई, म्हणजे फारच आंबट. पालकाला साडेसहा-सातच्या जवळ पाहिजे. याच्यात तुम्ही काही पेरलंत तर ते तुम्हाला शिव्या देत मरेल." त्यानं मागच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. "कळीचा चुना देतो. आठवड्यात वठणीवर येईल."

"आणि गांडुळं?"

"गांडुळांचं काय?"

"तीही आठवड्यात वठणीवर येतील ना?" टेलरबाई म्हणाल्या. "यांनी पोत्यातनं आणून आणून टाकलं, म्हणून तर ही दशा झाली. आता पोतं नको. पट्ट्यांची डबी तेवढी द्या."

निळं कसं ठेवायचं हे निळेसाहेबांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलेलं टेलरबाईंनी तीस वर्षं ऐकलं होतं. म्हणजे उलट कुठून सुरू करायचं हे त्यांना कळत होतं. त्यांनी आधी पाइनच्या सुयांचा थर लोखंडी दातांच्या पंज्यानं ओढून काढला. सुया म्हणजे काही झाड नव्हे. मग त्या कोपऱ्यावरच्या बेकरीत गेल्या. तिथली भट्टी अजून लाकडावर चालते, आणि लाकडाची राख मातीचा आंबटपणा उतरवते. बेकरीवाली दंडानं भक्कम आणि तोंडानं त्याहून.

"राख? अहो, डोक्यावर घेऊन जा! मलाच टाकायला जागा नाही. फक्त रंग दिलेली लाकडं जाळली तर मी सांगेन, त्या दिवशीची नेऊ नका. तुम्हाला कशाला हो पण? भांडी घासायला?"

"माती घासायला," टेलरबाई म्हणाल्या.

बेकरीवाली इतकी हसली की तिच्या हातातला पाव खाली पडला. त्या दिवसापासून ती राखेबरोबर अंड्यांची टरफलंही बाजूला काढून ठेवू लागली. आणखी टरफलं आली ती जिथून येतील असं टेलरबाईंना वाटलं नव्हतं तिथून. सून इस्पितळाच्या स्वयंपाकघरावर देखरेखीला होती. एका संध्याकाळी तिनं मोठी पिशवी आणून मुकाट्यानं ओट्यावर ठेवली. आत धुऊन वाळवलेली टरफलं.

"यांना सांगू नका," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला अंड्याचं टरफल आणि खडू यांतला फरक कळत नाही," टेलरबाई म्हणाल्या. "तू निर्धास्त राहा."

टरफलं नुसती चुरून भागत नाही. तुकडे राहिले तर ते वर्षानुवर्षं मातीत तसेच पडून असतात. पिठासारखी बारीक पूड हवी. घरात त्या कामाचं एकच यंत्र होतं, निळेसाहेबांचं कॉफी दळायचं. ते कपाटात वरच्या फळीवर असायचं आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. टेलरबाईंनी स्टूल घेतलं, यंत्र खाली उतरवलं आणि त्यात टरफलं भरली. असा काही आवाज झाला की सून दचकून मागे सरली. टेलरबाईंनी झाकण आणखी घट्ट दाबून धरलं.

पण पहिल्याच खेपेला त्या चुकल्या. हात रागानं चालत होता. खिडकीखालच्या वाफ्यात त्यांनी राख अशी ओतली की वाफा पांढराफेक झाला. वर लगेच पालकही पेरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मग पावसाची भुरभुर आली, राखेची खपली धरली आणि जी रोपं तिच्यातून कशीबशी वर आली त्यांच्या पानांच्या कडा करपल्या. पट्टी बुडवली तर तिथं रंग थेट दुसऱ्या टोकाला गेलेला. साडेचारची माती आठच्याही वर.

नेमक्या त्याच दिवशी नणंदबाई आल्या. करपलेली रोपं पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"मी सांगत होते ना, वहिनी? दादाची माती कुणाचं ऐकत नाही."

"माझी चूक झाली, वन्सं. मातीची नाही," टेलरबाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

वन्संनी चहा घेतला नाही.

त्या गेल्यावर टेलरबाई बराच वेळ पायरीवर बसल्या. करपलेली रोपं पाहून त्यांना रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं. मग उठून त्यांनी खपली हातांनी सोलून काढली. चुकलेली शिवण उसवायची तशी, टोकापासून, न फाडता. त्यानंतर त्यांनी कधी राख ओतली नाही. जुन्या मलमलच्या पुरचुंडीत भरायची आणि वारा नसलेल्या कोरड्या दिवशी झाडांमधल्या वाफ्यांवर झटकायची, पावडर लावल्यासारखी. मग पंज्यानं मातीत मिसळायची आणि गप्प बसायचं. अंड्याची पूड हळू काम करते, म्हणून ती आधीच खोल घातली. भाजीच्या देठा-सालींचं खत कुजवून ठेवलं होतं, ते राखेच्या जोडीनं कधी टाकलं नाही. दोन्हींमध्ये काही आठवडे जाऊ दिले, नाहीतर खताचा जीव वाऱ्यावर उडून जातो. अधूनमधून पट्टी बुडवायची. पाच. बऱ्याच दिवसांनी साडेपाच. एका सकाळी पंज्याखाली गांडूळ वळवळलं, तर त्यांनी टरफलं द्यायला आलेल्या सुनेला हाक मारून बाहेर बोलावलं.

"आई, चपला तरी घालू द्या!" सून पळत आली. "काय झालं?"

"पाहुणा आलाय," टेलरबाई म्हणाल्या.

पहिल्या बहराला फुलं निळीच आली, पण कडांना जांभळट झाक होती. अध्यक्ष म्हणाले, हवामान. नणंदबाई म्हणाल्या, वहिनी पाणी नीट घालत नाहीत. तुरटीचं पाणी घालायला मंडळाचा माणूस यायचा, त्याला टेलरबाईंनी फाटकातच सांगितलं, "मी घातलंय." पाणी त्यांनी खरंच घातलेलं असायचं. नुसतं पाणी.

दुसऱ्या बहराला लपवण्यासारखं काही उरलं नाही. कळ्या हिरवट होत्या तोवर ठीक होतं. मग त्या उघडायला लागल्या, आणि फाटकापासून पायरीपर्यंत सगळी बाग गुलाबी. कुठं फिकी, कुठं गडद, काही गुच्छ अजून धड ना निळे ना गुलाबी, धुण्यात एकमेकांचा रंग लागलेल्या कपड्यांसारखे. मधल्या पट्ट्यांत पालक घोट्याएवढा झाला होता.

स्मृतिदर्शनाच्या दिवशी मंडळाची माणसं बाहेर रस्त्यावरच थबकली. आत यायला कुणी तयार होईना. सगळ्यांत आधी वन्सं आत शिरल्या. 

"हे कुणी केलं?"

"मी," टेलरबाई म्हणाल्या. त्या मशीनवरून उठून तशाच बाहेर आल्या होत्या, मापाची पट्टी गळ्यात होती.

"आई!" मुलगा लालबुंद झाला. "तू वचन दिलं होतंस!"

"पाळलंय. मोजून घे. एक झाड कमी असेल तर सांग. फांदी छाटली नाही, कळी खुडली नाही, पान तोडलं नाही. झाडं तुझ्या बाबांची होती. त्यांना मी हात लावला नाही. मातीला लावला."

"हा शब्दांचा खेळ झाला."

"असेल. या घरात तीस वर्षं मला शब्दच मिळाले. त्यांच्याशी खेळायला तरी येणार ना मला."

अध्यक्ष मध्ये पडले. "बाई, अजून वेळ गेलेली नाही. गंधकाचा एक चांगला डोस दिला तर दोन वर्षांत पुन्हा निळं करता येईल. मंडळ सगळं करायला तयार आहे."

"मंडळानं आपापल्या बागेत करावं," टेलरबाई म्हणाल्या. "इथं गंधकाचं पोतं फाटकाच्या आत आलं, तर मी ते रस्त्यावर रिकामं करीन. तुम्ही सगळे समोर असताना करीन."

"दादाला काय वाटलं असतं?" वन्सं रडायला लागल्या होत्या. ते रडणं खोटं नव्हतं. भावावर त्यांचा जीव होता.

टेलरबाईंनी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. "राग आला असता, वन्सं. फार राग आला असता. तो मी ऐकून घेतला असता आणि तरीही केलं असतं. ते असताना करायला हवं होतं, एवढंच मनाला लागतं."

वन्संनी हात झटकला आणि त्या फाटकाबाहेर गेल्या. त्यांच्यामागे अध्यक्ष आणि बाकीची मंडळी. जाताना कुणीतरी पाटी उखडून नेली. मुलगा शेवटी गेला, मागं न पाहता. सून थांबली. ती पायरीवर बसली, बूट काढले आणि म्हणाली, "पालक कधी काढायचा?"

मुलगा चार-पाच महिने धड बोलला नाही. येई, आईची औषधं ठेवी आणि जाई. टेलरबाईंनी त्याला समजावलं नाही, मनधरणीही केली नाही. तो आला की ताट वाढायच्या, आणि ताटात जे बागेतलं असेल ते असे. बीट काढलं तेव्हा त्यानं ते खाल्लं, आणखी मागितलं, आणि मागितल्यावर स्वतःवरच चिडला. वन्सं त्यानंतर आल्या नाहीत. टेलरबाईंनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो उचलला आणि काही न बोलता ठेवला गेला. त्याचं त्यांना वाईट वाटलं. पण माफी त्यांनी मागितली नाही, कारण मागितली असती तर ती खोटी ठरली असती.

घराच्या मागच्या कोपऱ्यात, पाइनच्या सावलीत, एक झुडूप मात्र अजून निळंच फुलतं. तिथं त्यांनी राख टाकलेली नाही. सुया पडतात त्या पडू देतात. मुलाला वाटलं, आई विरघळली. त्यानं बायकोला तसं सांगितलं, आणि बायकोनं सरळ सासूलाच विचारलं.

"आई, हे तेवढं निळं का ठेवलंत?"

"मला आवडतो निळा," टेलरबाई म्हणाल्या. "तो पंजा दे इकडे. आणि उभी काय राहिलीस, कोबीची रोपं वाळतायत."